उन्हाच्या खात्यावर मांडलेली तूट

‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’च्या १९३१ सालच्या, म्हणजे एकोणिसाव्या खंडात दक्षिण भारतीय स्त्रियांच्या मूलभूत चयापचयावर, म्हणजे पूर्ण विश्रांतीत शरीर किती ऊर्जा जाळते यावर, एक निबंध आहे. लेखक दोन. एलिनॉर मेसन या मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवणाऱ्या बाई. आणि फ्रान्सिस गॅनो बेनेडिक्ट हे बोस्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक. मोजणी मद्रासला झाली, मोजपट्टी बोस्टनहून आली, आणि उत्तर असे निघाले की मद्रासकडच्या या स्त्रिया अमेरिकी मानकाहून सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी ऊर्जा जाळतात.

सहावा हिस्सा म्हणजे थोडाथोडका नव्हे. त्या काळी दवाखान्यात एखाद्या बाईचा दर इतका खाली दिसला, तर डॉक्टर थायरॉइडचा संशय घेत. इथे तर धडधाकट बायका होत्या. मग ही तूट कोणाच्या नावावर मांडायची? उन्हाच्या, वंशाच्या, अंगातल्या सैलपणाच्या, की ताटातल्या अन्नाच्या? पुढची साठ वर्षे हा प्रश्न कागदोपत्री फिरत राहिला. ते कागद ओळीने लावले की एक गोष्ट ठळक होते. तुटीचा आकडा दर पिढीत बदलत गेला, आणि त्या बदलात बायकांच्या अंगाचा वाटा कमी, मोजपट्टीचा जास्त होता. ऊन हे या तुटीचे सर्वांत सोयीचे खाते होते. त्यावर काहीही टाकले तरी तक्रार करायला कोणी येत नाही.

आधी मोजणी कशी होई ते पाहू, कारण उन्हाचा पहिला शिरकाव तिथेच होतो. रात्रीच्या जेवणानंतर बारा तास पोटात काही नाही. सकाळी उठल्यावर धावपळ नाही. आडवे पडायचे, पण झोपायचे नाही. नाकाला चिमटा, तोंडात रबरी नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन भरलेले बंद पात्र. उच्छ्वासातला कार्बन डायॉक्साइड सोडा लाइम शोषून घेते, आणि पात्रातला वायू मिनिटामिनिटाला उतरत जातो. तो जितका उतरला तितका ऑक्सिजन शरीराने वापरला. एका लिटरमागे ४.८२५ किलोकॅलरी हा ठरलेला गुणक. बेनेडिक्ट यांची हयात अशी यंत्रे बांधण्यात आणि त्यांत माणसांना निजवण्यात गेली. माणसांवर त्यांचे भागले नाही. हत्तीच्या शरीरक्रियेवरही त्यांनी १९३६ साली एक जाडजूड ग्रंथ काढला.

आता हा वायू उन्हाने फुगतो. शाळेतल्या पदार्थविज्ञानातली ही गोष्ट मद्रासच्या प्रयोगखोलीत फार महाग पडते. वापरलेला ऑक्सिजन कागदावर उतरवताना तो शून्य अंश तापमानाचा, समुद्रसपाटीच्या दाबाचा आणि पूर्ण कोरडा आहे असे धरून लिहावा लागतो. खोलीत ३० अंश असतील आणि पात्रातला वायू बाष्पाने भरलेला असेल, तर आकारमानाला ०.८६ ने गुणायचे. म्हणजे यंत्राने मिनिटाला १७७ घनसेंटिमीटर दाखवले, तर वहीत १५३ लिहायचे. २० अंशांच्या खोलीत हाच गुणक ०.९१ असतो. त्यातच सोडा लाइम वायू शोषताना स्वतः तापते, त्यामुळे पात्रातले तापमान खोलीतल्या तापमानाशी जुळेलच असे नाही. तापमापक तीन अंशांनी चुकला तर उत्तर पावणेदोन टक्क्यांनी हलते. बेनेडिक्ट यांच्यासारख्या काटेकोर माणसाच्या पद्धतीत ही दुरुस्ती विसरली जाणे शक्य नाही, आणि पावणेदोन टक्क्यांनी सतरा टक्क्यांची तूट भरूनही निघत नाही. तरी एवढे लक्षात ठेवावे की उष्ण प्रदेशातल्या मोजणीत कच्चा आकडा आणि छापील आकडा यांच्यामध्ये मोठा गुणाकार बसलेला असतो.

उलट एका बाबतीत मद्रास बोस्टनपेक्षा सोयीचे होते. हा दर मोजताना अंगाला थंडीही वाजू नये आणि घामही फुटू नये अशी अट असते. उघड्या अंगाला ती २८ ते ३० अंशांच्या आसपास पुरी होते. बोस्टनच्या हिवाळ्यात त्यासाठी खोली तापवा, पांघरूण घाला अशी यातायात करावी लागते. मद्रासला वर्षातल्या पुष्कळशा सकाळी ती आपसूक जमून येते. कुडकुडण्याने दर वाढलेला असण्याची शंका मद्रासच्या आकड्यांवर घेता येत नाही.

आता बोस्टनची मोजपट्टी. ती १९१९ सालची. जे. आर्थर हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी १३६ पुरुष, १०३ स्त्रिया आणि ९४ नवजात बालके यांच्या मोजण्यांवरून वजन, उंची आणि वय घालताच अपेक्षित दर सांगणारी समीकरणे बसवली. आजही इस्पितळातले आहारतज्ज्ञ ती वापरतात. १०३ अमेरिकी स्त्रिया म्हणजे एखाद्या कॉलेजच्या दोन-तीन वर्गांएवढ्या. त्यांच्या शरीरावरून काढलेली रेघ मद्रासपर्यंत ताणली गेली. पन्नास किलोंच्या खालची, पाच फुटांची बारीक बाई या रेघेच्या टोकाशी येते, आणि टोकाशी रेघेवर विसंबणे धोक्याचे असते हे संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दुसरे मानक होते शरीराच्या पृष्ठफळाचे. डेलाफील्ड आणि यूजीन द्यू ब्वा यांचे ते प्रसिद्ध सूत्र १९१६ चे, आणि त्यामागे मोजून नऊ माणसे.

उन्हाने चयापचय मंदावतो हा समज मात्र या दोन्ही मानकांहून जुना. तो पहिल्यांदा यंत्रावर घासून पाहिला तो बटाव्हियात, आजच्या जकार्तात. क्रिस्तियान आइकमान यांनी, म्हणजे बेरीबेरीच्या संशोधनासाठी ज्यांना १९२९ चे नोबेल मिळाले त्यांनीच, १८९६ साली मलायी आणि युरोपीय माणसांचे दर मोजले आणि त्यांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही असे लिहिले. पुढे १९२० च्या सुमारास रिओ द जानेरोहून ओझोरियो द आल्मेइदा यांचे आकडे आले ते नेमके उलटे : उष्ण प्रदेशात दर उतरतो. एकाच प्रश्नाला दोन बंदरांतून दोन उत्तरे. १९२५ साली खुद्द बेनेडिक्ट यांच्या नावासह छापलेल्या निबंधात, अमेरिकेत शिकणाऱ्या चिनी आणि जपानी तरुणींचा दर मानकाहून सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरला. त्या मुली अमेरिकेच्या थंडीत राहत होत्या. तेव्हा ऊन त्यांच्या खात्यावर टाकता येईना. मग वंश आला. आणि १९२८ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानच्या माया लोकांचा दर मानकाच्या वर निघाला. युकातान म्हणजे चांगलाच तापणारा मुलूख. मद्रासला ज्या उन्हाने दर खाली आणला, त्याने युकातानला तो वर कसा नेला?

या कागदांमध्ये मेसन बाईंचे वेगळेपण उठून दिसते. त्यांनी प्रश्न एका निबंधावर सोडून दिला नाही. खात्यावरच्या एकेका नावाला बोलावून त्याची उलटतपासणी केली. १९३४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’त त्यांचा आणि बेनेडिक्ट यांचा झोपेवरचा निबंध आला. त्यामागची शंका अशी : या स्त्रिया यंत्रापाशी इतक्या सैल, इतक्या निवांत पडून राहतात की त्यांचा जागेपणाचा दर झोपेच्या दराजवळच जातो, अमेरिकी मुलगी तशी पडूच शकत नाही, म्हणून तिचा दर जास्त दिसतो. हे खरे असते तर झोप लागल्यावर दक्षिण भारतीय स्त्रीचा दर फारसा खाली उतरायला नको होता. प्रत्यक्षात तो सुमारे दहा टक्क्यांनी उतरला. म्हणजे जागेपणी त्या झोपेच्या काठावर नव्हत्या. सैलपणाच्या खात्यावर सगळी तूट टाकण्याची सोय त्या दिवशी संपली. ‘उष्ण देशातली माणसे जात्याच सुस्त’ हे वाक्य पुढे अनेक वर्षे कारकुनी अहवालांत फिरत राहिले ते राहिलेच. त्यांच्या लेखकांनी शरीरक्रियाशास्त्राची मासिके वाचली असतील अशी अपेक्षा करणेच चूक.

त्याच वर्षी ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये मेसन यांनी एकटीच्या नावावर दुसरी तपासणी छापली. दक्षिण भारतात राहणाऱ्या युरोपीय स्त्रियांचा दर काय, आणि हवा बदलली की युरोपीय व दक्षिण भारतीय स्त्रियांच्या दराचे काय होते, हा तिचा विषय. मला हा निबंध १९३१ च्या निबंधापेक्षा मोलाचा वाटतो. दोन देशांतल्या दोन बायकांची तुलना करण्याऐवजी इथे एकाच बाईची दोन हवांमध्ये तुलना होते. वंश तोच, शरीर तेच, बदलते ते फक्त ऊन. अशा तुलनेत उन्हाच्या वाट्याला थोडी घट आली, पण युरोपीय आणि दक्षिण भारतीय स्त्रियांमधले सगळे अंतर तिने भरून निघत नव्हते. बाकीचे अंतर कशाने, याचे उत्तर द्यायला लागणारे साधन तेव्हा मद्रासमध्येच काय, कुठेच सहज मिळत नव्हते. शरीरातली चरबी किती आणि मांस किती हे जिवंत माणसात मोजण्याचे ते साधन.

मुंबईकडचे कागद १९३९ पासून सापडतात. त्या वर्षीच्या ‘इंडियन जर्नल’मध्ये नियोगी, पटवर्धन आणि मॉर्डेकाय यांच्या नावाने मुंबईतल्या मूलभूत चयापचयावरील अभ्यासाचा पहिला भाग आहे. यातले पटवर्धन म्हणजे वि. ना. पटवर्धन, पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झालेले. ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली, आणि आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतो. भारतीयांनी किती कॅलरी खाव्यात याच्या सरकारी तक्त्यांवर ज्यांचा हात फिरला, त्यांनी तरुणपणी मुंबईच्या दमट हवेत हेच यंत्र चालवले होते, हा दुवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मध्यंतरी ऊन प्रयोगशाळेतून निघून थेट धोरणात शिरले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये कॅलरींच्या गरजेवर तज्ज्ञ समित्यांचे अहवाल काढले. समितीने एक ‘संदर्भ स्त्री’ कल्पिली : वय २५, वजन ५५ किलो, गरज रोज २३०० कॅलरी, आणि राहते तिथले वार्षिक सरासरी तापमान १० अंश. मग नियम केला की सरासरी तापमान १० अंशांच्या वर गेले, तर दर १० अंशांमागे गरजेतून पाच टक्के वजा करावेत. बोस्टनची वार्षिक सरासरी दहा-अकरा अंशांच्या आसपास असते, हे जाता जाता सांगतो.

मुंबईचा हिशेब करून पाहू. वार्षिक सरासरी सुमारे २७ अंश. म्हणजे १७ अंश जास्त. वजावट साडेआठ टक्के. २३०० मधून १९५ गेले. १९५ कॅलरी म्हणजे पंचावन्न-साठ ग्रॅम ज्वारीचे पीठ, एक लहान भाकरी. नुसत्या उन्हाच्या नावाने मुंबईच्या बाईच्या कागदी ताटातली एक भाकरी उचलली गेली. सरासरी तापमान गावाचे, वजावट बाईची. ती दिवसभर गिरणीच्या खात्यात उभी असते की पंख्याखाली बसते, चुलीपुढे किती तास असते, हे सूत्र विचारत नाही. डिसेंबर आणि मे त्याला सारखेच. आणि घाम गाळण्यालाही शरीराला काम पडते, कडक उन्हात तर दर थोडा वाढतोच, ही गोष्ट त्या पाच टक्क्यांत कुठे बसते ते सूत्रावरून उमगत नाही. १९७३ च्या संयुक्त समितीने ही वजावट काढून टाकली, कारण ती आकड्यांनी बांधण्याइतका आधारच हाती नव्हता. म्हणजे वीसएक वर्षे उष्ण देशांच्या अन्नधान्याचे हिशेब ज्या टक्क्याने कापले जात होते, तो टक्का शेवटी निराधार ठरला. एवढ्या मोठ्या दुरुस्तीचा गाजावाजा मात्र झाला नाही.

याच वीस वर्षांत मेसन मुंबईत पुन्हा दिसतात. १९६३ मध्ये मेसन, मुंडकूर आणि जेकब यांचा निबंध : मुंबईतल्या तरुण भारतीय स्त्रियांचा मूलभूत दर, उंची, वजन, दंडावरची कातडीची घडी आणि दंडाचा स्नायू, शिवाय दराचा अंदाज बांधण्याची त्यांची स्वतःची मानके. १९६४ मध्ये मेसन, जेकब आणि बालकृष्णन : मुंबईतल्या भारतीय आणि युरोपीय स्त्रियांचा दर आणि शरीररचना. ही दोन शीर्षके १९३१ च्या शीर्षकाशेजारी ठेवून वाचावीत. १९३१ मध्ये ‘स्त्रिया’ एवढाच शब्द आहे. तेहतीस वर्षांनी त्या स्त्रियांना दंड आला, दंडाला कातडी आणि स्नायू आले. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दंडामागची कातडी उचलायची, तिला कॅलिपर लावायचा, दंडाचा घेर टेपने घ्यायचा, आणि दोन्हींवरून आतला स्नायू किती ते काढायचे. दिसायला क्षुल्लक काम. पण जो प्रश्न मद्रासला अडला होता त्याची किल्ली यातच होती. विश्रांतीच्या वेळी ऊर्जा जाळतात ते मेंदू, यकृत, हृदय, मूत्रपिंडे आणि स्नायू. चरबी जवळजवळ काहीच जाळत नाही. सारख्या वजनाच्या दोन बायकांत एकीच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी जास्त असेल, तर तिचा दर कमी येणारच, मग बाहेर बर्फ असो की वैशाख. आणि अंगावर स्नायू किती, हे ठरते लहानपणापासूनच्या खाण्यावर, आजारपणावर, कामावर. १९६३ च्या निबंधाने मुंबईच्या मुलींसाठी मुंबईचीच मानके बांधावीत, ही गोष्टही बोलकी आहे. बोस्टनची मोजपट्टी बाजूला ठेवण्याचा निर्णय बोस्टनच्याच जुन्या सहकारी लेखिकेने घेतला होता.

१९७२ मध्ये ‘ह्यूमन बायॉलॉजी’त मेसन आणि जेकब यांचा उष्ण आणि समशीतोष्ण हवांमध्ये ये-जा करणाऱ्यांवरचा निबंध आला. पहिला मद्रासचा निबंध होऊन एक्केचाळीस वर्षे झाली होती. शीर्षकातला महत्त्वाचा शब्द ‘विविधता’ हा आहे. हवा बदलली की काहींचा दर हलला, काहींचा हलला नाही. उन्हाचा परिणाम आहे, पण तो टक्केवारीत बांधून गावाच्या सरासरी तापमानाला जोडावा असा एकजिनसी नाही. अन्न व शेती संघटनेने पाच टक्क्यांचा नियम सोडला तो पुढच्याच वर्षी. या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा आहे असे मी म्हणत नाही. तारखा शेजारी ठेवतो, इतकेच.

दरम्यान भारताची संदर्भ स्त्री कागदावर वजन वाढवत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या जुन्या शिफारशींत ती ४५ किलोंची. १९९० च्या सुमारास ५० ची. २०१० मध्ये ५५ ची. १९५७ च्या समितीने जगाच्या संदर्भ स्त्रीला जे वजन दिले होते, तिथवर पोहोचायला भारतीय संदर्भ स्त्रीला आणखी त्रेपन्न वर्षे लागली.

समीकरणेही बदलली. १९८५ मध्ये अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या समितीने शोफील्ड यांनी जुन्या मोजण्या गोळा करून बसवलेली समीकरणे उचलली. त्या गोळा केलेल्या ७१७३ मोजण्यांपैकी ३३८८ इटालियन लोकांच्या होत्या, आणि त्यांचे आकडे इतरांहून चढे. म्हणजे बोस्टनची मोजपट्टी गेली ती रोमच्या हाती. भारतीयांना ही समीकरणे जास्त दर दाखवतात हे ध्यानात आल्यावर आपल्या परिषदेने त्यातून सरसकट पाच टक्के वजा केले. पुन्हा पाच टक्केच, फक्त या वेळी उन्हाचे नाव न घेता.

एक कल्पित बाई घेऊन या तिन्ही पट्ट्या लावून पाहू. वय २०, वजन ४५ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. १९१९ च्या समीकरणाने तिचा दर रोज १२७३ किलोकॅलरी असायला हवा. मद्रासच्या निष्कर्षाप्रमाणे सहावा हिस्सा कमी धरू : १०६१. मघाशी मिनिटाला १५३ घनसेंटिमीटर ऑक्सिजन म्हटले होते, तो हाच दर. आता हीच बाई, हेच १०६१, १९८५ च्या समीकरणासमोर ठेवा. ते तिच्याकडून ११५८ ची अपेक्षा करते; तूट आठ टक्के. भारतीय परिषदेची पाच टक्क्यांची वजावट केल्यावर अपेक्षा ११०० ची. तूट साडेतीन टक्के. बाई जागची हलली नाही, तिने एक घास जास्त खाल्ला नाही, हवाही पालटली नाही. सतरा टक्क्यांची साडेतीन टक्के झाली. १९३१ मध्ये जी तूट ऊन, वंश आणि सैलपणा यांच्यात वाटायची होती, तिचा मोठा भाग वाटण्यासारखा नव्हताच.

हा सगळा वाद पुण्यात पोहोचला तेव्हा त्याला गरिबीचे नाव मिळाले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात माणशी रोज २२५० कॅलरी हा निकष धरून किती लोक त्याखाली आहेत ते मांडले. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी त्या सरासरीवरच बोट ठेवले. ते अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक राहून पुण्यात परतले होते. त्यांचे म्हणणे असे की एकाच निरोगी माणसाची गरज आठवड्याआठवड्याला वरखाली होते, शरीर ती स्वतः सांभाळते. म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नये, रेघ खूप खाली ओढावी. दांडेकरांनी १९८१ मध्ये त्याला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून उत्तर दिले. १९८२ मध्ये सुखात्मे यांनी संपादित केलेल्या, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने काढलेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली, आणि पोषणतज्ज्ञ सी. गोपालन त्यावर तुटून पडले : गरिबांना लहान राहण्यातले आरोग्य सांगणारे श्रीमंत स्वतःच्या मुलांना मात्र उंच वाढवतात.

सुखात्मे मोठे संख्याशास्त्रज्ञ होते, आणि व्यक्तीच्या गरजेतला चढउतार त्यांच्याआधी कोणी इतक्या गांभीर्याने घेतला नव्हता, हे मान्य करायलाच हवे. पण उपाशी शरीर काटकसर शिकते या कल्पनेला प्रयोगशाळेत जे काही टेकू लागत होते, त्यांत भारतीयांचा ‘कमी’ दर हा एक होता. तो कमीपणा किती खरा आणि किती मोजपट्टीचा, हे ठरल्याशिवाय त्यावर रेघ ओढणे मला धाडसाचे वाटते. १९८७ मध्ये मॅकनील आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतीय पुरुषांच्या दरात अशा काटकसरीचा पुरावा नाही असे छापले. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात प्रकाश शेट्टी यांच्या गटाने आणखी एक गाठ सोडवली : कुपोषित माणसाचे स्नायू आधी झडतात, मेंदू-यकृत टिकून राहतात, त्यामुळे चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे पाहिले तर त्याचा दर कमी नव्हे, जास्तच दिसतो. भागायचे कशाने, यावर काटकसर दिसते किंवा नाहीशी होते. त्याच गटातल्या पियर्स आणि शेट्टी यांनी १९९३ मध्ये भारतीय स्त्रियांच्या दरावर स्वतंत्र निबंध लिहिला. आणि १९९८ मध्ये सोआरेस, पियर्स, ओडे आणि शेट्टी यांनी भारतातले आणि ऑस्ट्रेलियातले आकडे शेजारी ठेवून शीर्षकातच सांगून टाकले की वंशाचा परिणाम दिसत नाही. सदुसष्ट वर्षांनी वंशाचे खाते बंद झाले.

उन्हाचे खाते बंद झाले नाही, फक्त यंत्र बदलले. स्त्रियांची पोषणस्थिती आता नळी-चिमट्याने मोजत नाहीत. १९८८ मध्ये जेम्स, फेर्रो-लुत्सी आणि वॉटरलो यांनी प्रौढांतल्या दीर्घकालीन ऊर्जातुटीची व्याख्या मांडली, तेव्हा तीत मूलभूत दराला जागा होती. पण गावोगाव तो कोण मोजणार? टिकला तो वजन भागिले उंचीचा वर्ग हा भागाकार, आणि त्याची १८.५ ही रेघ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीपासून स्त्रिया वजनकाट्यावर उभ्या राहतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया या रेघेखाली होत्या, महाराष्ट्रात २०.८ टक्के.

वजनकाट्याला वायूची दुरुस्ती लागत नाही, म्हणून तो उन्हापासून सुटला असे वाटते. मघाचीच १५२ सेंटिमीटर उंचीची बाई घ्या, या वेळी मे महिन्यातल्या विदर्भात, वजन ४३.२ किलो. तिचा भागाकार १८.७ येतो, म्हणजे ती रेघेच्या वर आहे. सकाळभर तेंदूपत्ता तोडून ती परतली, मध्ये पाणी पुरेसे मिळाले नाही, आणि एक लिटर घाम गेला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दुपारी वजन करणारा दारात आला तर ४२.२; भागाकार १८.३. आता ती रेघेखाली. संध्याकाळी दोन तांबे पाणी पिऊन ती पुन्हा वर येते, पण तोवर गाडी पुढच्या गावाला गेलेली असते. वजनाच्या रकान्याशेजारी घड्याळाची वेळ आणि तापमान यांचा रकाना असता, तर १९३१ च्या वहीतल्यासारखा एखादा गुणक तिथेही लावता आला असता.